अठरा तासांचा नियम

मीरा रोड, ११ मार्च १९९६

चि. जीवन, सप्रेम जय भीम.

तुझी निशा यंदा बी.एस्सी.च्या परीक्षेला बसणार नाही. ती माझ्याकडे राहते, म्हणून याचे कारण मीच सांगणे योग्य.

बाबासाहेबांच्या जयंतीला आपण अठरा तास अभ्यास करतो. एका दिवसाचे ते अभिवादन मी तिच्यावर रोजचा नियम म्हणून लादले. तिची झोप उडाली. गेल्या रविवारी ती म्हणाली, "आजोबा, जगावंसंच वाटत नाही." तीस वर्षे तर्कशास्त्र शिकवलेल्या मी तिचे म्हणणे तीन मुद्द्यांत खोडून काढले. "बरोबर आहे तुमचं," ती म्हणाली. मी समाधानाने चष्मा पुसला.

तेवढ्यात तुझी आई स्वयंपाकघरातून आली. "जिंकलात ना? आता गप बसा." मग निशाला जवळ घेऊन तिने सरळ विचारले, "बाळा, जिवाचं बरंवाईट करून घ्यावंसं वाटतं का गं?" निशा "हो" म्हणाली आणि कितीतरी वेळ रडली.

तेव्हापासून आम्ही तिला एकटे ठेवत नाही. डॉक्टरांचे उपचार सुरू आहेत. आज ती दहापर्यंत झोपली. शिट्टी नको म्हणून तुझ्या आईने कुकरही लावला नाही.

इथवर लिहून हे पत्र मी निशाला दाखवले. "पप्पांना मीच सांगते. तुम्ही फक्त बाजूला उभे राहा," ती म्हणाली. म्हणून हे पत्र पोस्टात टाकणार नाही. संध्याकाळी आम्ही एसटीडी बूथवर जाऊ. तू तिचे बोलणे मध्येच तोडलेस, तर रिसीव्हर मी घेईन आणि एकच शब्द बोलेन: ऐक.

तुझा बाप,
कोंडिराम