परीचं दूध आज पोटात राहिलं

मंगळवार, संध्याकाळ. वडनेर भोलजी

आज परीने दूध ओकलं नाही. संध्याकाळचं सगळं पोटात राहिलं! लिहितानाही भीती वाटतेय, माझीच नजर लागेल की काय.

किती दिवस झाले, पाजलं की ओकायची, पाठीची कमान करून रडायची. सासूबाई म्हणायच्या, "तुयं दूधच पचत नाही पोरीले. डब्याचं दे." मीही मनातून तेच मानत होते का? बहुतेक हो.

आज सकाळी त्याच माझ्यासोबत नांदुऱ्याला डॉक्टरांकडे आल्या. डॉक्टरांनी परीला काट्यावर ठेवलं. वजन छान वाढलंय! म्हणाले, "दुधात दोष नाही. थोडंथोडं पाजा, आणि पाजल्यावर लगेच आडवी करू नका, खांद्याशी उभी धरा." परतताना बसमध्ये सासूबाई खिडकीबाहेरच बघत बसल्या. रागावल्या असं वाटलं मला.

पण संध्याकाळी पाजून होताच त्यांनी हात पुढे केले. "दे इकडं, मी धरतो. तू जेवून घे, भाकर गरम हाये."

परीला घेऊन अंगणात फेऱ्या मारत राहिल्या. माझं लक्ष त्यांच्या खांद्यावर. आता ओकेल, मग ओकेल... खांदा कोरडाच. परीने मोठा ढेकर दिला आणि झोपली. मी पुन्हा पाहिलं. कोरडाच!

शेजारच्या काकूंनी कुंपणापलीकडून विचारलं, "काऊन वं, पोरगी आज रडून नाही राह्यली?"

"पोट भरलं तिचं. मायचं दूध चांगलं हाये, डॉक्टरनं सांगतलं," सासूबाई गल्लीभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या.

मी दुसरी भाकर घेतली.