पनीरला साल नसते

तीर्थस्वरूप योगराजमामांना ऋतिकाचा साष्टांग नमस्कार.

आपण विचारले नसताना, बोलावले नसताना, आणि आईच्या दहनापासून गेले चौदा महिने आमच्यापैकी कुणाचाही फोन आपण उचलत नसताना हे पत्र लिहिण्याचे धाडस करीत आहे, याबद्दल प्रथम क्षमा मागते. (पत्र फोनसारखे कापता येत नाही, असा विचार त्यामागे आहे. फाडता मात्र येते, हेही ठाऊक आहे.) आपला गुडघा कसा आहे? मामींचा दमा धुळ्याच्या थंडीत बळावला नाही ना? इकडे जळगावात आम्ही तिघे ठीक आहोत, म्हणजे भाऊ, हितेंद्रदादा आणि मी. वडील म्हणून भाऊ आणि आम्ही दोघे भावंडे, अशी घरची मोजदाद तीनवर थांबते, याची अजून सवय झालेली नाही.

पत्राचे कारण एवढेच, की एम. ए. मराठीत मी विद्यापीठात पहिली आले असून पदवीदान समारंभात मला सुवर्णपदक मिळणार आहे. ही बातमी आपल्याला परस्पर, आणि तीही रविवारच्या आगीच्या बातमीला जोडून कळू नये, अशी इच्छा आहे. आग लागली नव्हती. घडले ते असे.

पदकाचे पत्र आले तेव्हा दादा म्हणाला, काहीतरी केलेच पाहिजे. पण काय करणार? गेलेल्या बाईच्या माहेरच्यांनी येऊन कढई चढवल्याशिवाय घरातला शोक उठत नाही, ही आपल्याकडची रीत, आणि भाऊ तिला इतके धरून आहेत, की चौदा महिन्यांत आमच्याकडे पापडसुद्धा तळला गेलेला नाही. (शेजारून भजी आली तर ते गायीला घालतात. गाय आता आमच्याच दाराशी बसते.) हॉटेल परवडत नाही. तेव्हा दादाने असा युक्तिवाद मांडला, की भाजणे म्हणजे तळणे नव्हे. निखाऱ्यावर भाजायला कढई लागत नाही, तेल चमचाभर पुरते आणि शोकाचाही भंग होत नाही. याला बार्बेक्यू म्हणतात व हॉटेलात त्याचे माणशी आठशे रुपये घेतात. भाऊ म्हणाले, “कर. पण जाळ मी लावसू.”

शेगडी विकत घेणे शक्य नव्हते, म्हणून जुन्या कूलरची गवत भरायची चौकट काढून, ती जाळीसकट गच्चीवर चार विटांवर ठेवली. सळया म्हणून दादाने सायकलच्या चाकाच्या तारा घासून आणल्या. कोळसा महाग, म्हणून नशिराबादहून कपाशीच्या काड्यांचा भारा आला. अर्धा किलो पनीर, एवढाच थाट. बाकी बटाटे आणि कांदे. ज्वाळा विझून निखाऱ्यांवर पांढरी राख धरेपर्यंत थांबावे, असे मी वाचून टिपण काढले होते आणि ते दोनदा मोठ्याने वाचूनही दाखवले. (माझा मोठा आवाज हजेरीच्या वेळीही पहिल्या बाकापलीकडे जात नसे.)

मामा, भाऊंनी आयुष्यात आगीत एकच वस्तू धरली आहे, ती म्हणजे भरताचे वांगे. यावलपासून चोपड्यापर्यंत लोक त्यासाठी त्यांना मुद्दाम बोलावत. काड्यांचा जाळ हातभर उठवायचा, वांगे चहूबाजूंनी काळे होऊन मऊ पडेपर्यंत ढळायचे नाही, मग साल सोलायची. पनीरलाही त्यांनी हाच न्याय लावला. तुकडे तपकिरी झाले तेव्हा दादा म्हणाला, “भाऊ, आते काढा.” “थांब रे, साल सुटनी नही अजून.” तुकडे काळे झाले. “भाऊ, पनीरले साल नही राहत!” “बठ्ठासले साल राहस,” असा सगळ्या वस्तूंना एकच नियम लावून भाऊंनी काड्यांची आणखी एक पेंढी टाकली.

तेवढ्यात चौकटीत राहून गेलेले कूलरचे वाळके गवत पेटले आणि धुराचा लोट गल्लीत उतरला. बायको गेल्यापासून कुणाशी न बोलणाऱ्या माणसाच्या गच्चीवर धूर दिसल्यावर गल्लीला जे वाटावे तेच वाटले. समोरच्या पुष्पाबाई “भाऊनी सोताले जाळी लिधं व माय!” असा टाहो फोडत, तीन बायका आणि दोन बादल्यांसह जिना चढून आल्या, आणि काय पेटले आहे हे न पाहता पहिली बादली त्यांनी भाऊंच्या डोक्यावर ओतली, दुसरी जाळीवर. वाफेतून भाऊ बाहेर आले. तोंडावर काजळीचे ओघळ, हातात सायकलची तार. म्हणाले, “मी जित्ता शे व पुष्पाबाई. पनीर मरी गयं.”

साऱ्या हसल्या. पुष्पाबाई जिन्यावर बसून हसल्या आणि मग तिथेच रडल्या. भाऊही हसत आहेत असे मला वाटले. जवळ गेल्यावर कळले, की ते खोकत होते. शेवटी आम्ही ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि दूध घेतले. भाऊंनी अर्धी भाकरी ठेवली. ते रोजच अर्धी ठेवतात. त्यांच्या पट्ट्याला दादाने आता तिसरे नवे भोक पाडले आहे.

कळवायचे ते एवढेच. मामींना नमस्कार.

आपली भाची,
ऋतिका

ता. क. : समारंभ पुढील महिन्यात आहे. आपण यावे असा आग्रह नाही.

ता. क. २ : ‘कारण एवढेच’ असे वर लिहिले, ते खोटे आहे. आपण एक दिवस येऊन कढई चढवावी, हे कारण. चार पुऱ्या पुरेत. भाऊंशी बोलू नये, आमच्याकडचे पाणीही घेऊ नये, तळून झाल्यावर लगेच परतीची बस धरावी. म्हणजे ते जेवू लागतील.

ता. क. ३ : स्मशानात आपण सर्वांसमोर भाऊंना म्हणालात, की दवाखान्याचा खर्च वाचवायला तू माझी बहीण घरात ठेवून मारलीस. ते गप्प राहिले. आईच्या पोटात दुखत होते हे त्यांना माहीतच नव्हते. मला नऊ दिवस माहीत होते. माझी परीक्षा संपेपर्यंत कुणाला कळवायचे नाही अशी तिने शपथ घातली, आणि मी पेपर देत राहिले. पदकात तेही पेपर धरलेले आहेत. अखेर तिला नेले त्या दवाखान्याच्या व्हरांड्यात मी हे भाऊंना सांगितले, तेव्हा ते एवढेच म्हणाले, “आते हाई कोनले सांगू नको.” त्यांचा शब्द मी आज मोडला आहे. राग धरायचा तो माझ्यावर धरावा, आणि मी घरी नसताना यावे. मंगळवारी व शुक्रवारी अकरा ते पाच मी वाचनालयात असते.

पोस्टात टाकले : मंगळवार, दि. २१ जानेवारी २०२५, दुपारी तीन वाजून चाळीस मिनिटे.