देवीपुढची ढाल

३ जानेवारी १९५७, पनवेल
मुंबईच्या बॉक्सिंग असोसिएशनचं पत्र. हेवीवेटचा किताब आमच्या धर्माकडे, तेव्हा नियमाप्रमाणे मार्चअखेर त्याने लढत द्यावी, नाहीतर किताब काढून घेऊ. समोर लष्करातला तो उंच पोरगा. येताना फिरती ढाल आणणे.
मिठागरावर जाऊन ध.ला वाचून दाखवलं. "लरू की, मास्तर." पत्र पुढे केलं तर त्याचा हात बाजूने गेला. घाम गेला डोळ्यात म्हणाला.

९ जाने.
काहीतरी बिनसलंय म्हणून ध.ला ठाण्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. उजव्या डोळ्याचा आतला पडदा सुटत आलाय. "अजून एक ठोसा बसला की डोळा गेला."
स्टँडवर उतरल्यावर म्हणतो, "काशीला सांगू नका." सांगणार! बायको आहे ती त्याची.

१२ जाने.
साधा मार्ग : किताब सोडायचा, ढाल परत करायची. पण ढाल गावदेवीच्या देवळात! गेल्या वर्षी ध. दुसऱ्यांदा जिंकला तेव्हा गावाने वाजतगाजत नेऊन देवीपुढे ठेवली, नवस फेडला. मी घसा फोडून सांगत होतो, अरे बाबांनो, सलग तीनदा जिंकली तरच ती कायमची आपली. ऐकतो कोण? देवीला दिली, झाली देवीची.

१५ जाने.
मुंबई. असोसिएशनच्या सेक्रेटरीला सगळं सांगितलं, डोळ्यासकट. म्हणाला, "किताब सोडा, हरकत नाही. ढाल आली नाही तर पोलिसांत जाईन, आणि तुमच्या एकाही पोराला रिंगणात उभं करणार नाही." देवीचं सांगितलं तर हसला. "मग जिंका तिसऱ्यांदा."
जिन्यात नव्या फेडरेशनचा माणूस. यांच्यातून फुटलेले. आमच्याकडे या, धर्मा आजपासून आमचा चँपियन! डोळ्याचं म्हटलं तर, "आम्ही कुठे तपासतो?" एकाच माळेचे मणी.
पलटणीतून आल्यापासून पोरांना शिकवतोय. असल्या लोकांच्या दारात उभं राहायला?

२० जाने.
गावकी बसली. डोळ्याचं सांगितलं तेव्हा म्हाताऱ्या पाटलांना रडू आलं, खोटं कशाला लिहू. पण ढाल? "देवीच्या म्होरली उचलली नि गावाला काय झालं तं?" शेवटी कौल लावला. मूर्तीच्या दोन्ही खांद्यांना कळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर ढाल राहणार, डावी पडली तर जाणार. उजवी पडली.
काशी दाराशी उभी होती. "कौल ढालीचा लावला. माज्या मानसाच्या डोल्याचा कोनी इचारला?"
पुन्हा लावा म्हणालो. एका गोष्टीला दोनदा कौल घेत नाहीत म्हणे.
ध. उठला. "मी लरनार. जितली का ढाल देवीची." संपलं.

२ फेब्रु.
सराव. उजवा हात गालापाशी ठेव, हनुवटी खांद्यामागे. शंभरदा सांगतोय. तरी उजवीकडून आलेला ठोसा त्याला लागेपर्यंत कळला नाही. हलकाच होता, पण मी सराव तिथेच थांबवला.
"देवी हाय, मास्तर."
"देवी रिंगणात उतरणार आहे का, गाढवा?"
मग दिवसभर वाईट वाटत राहिलं.

१९ मार्च
ध. मला देवळात घेऊन गेला. ढालीवर इतकं कुंकू की खालची नावं दिसत नाहीत. म्हणाला, "कायबी झालं तरी टॉवेल टाकून हार मानायची नाय. देवीची आन घ्या."
घेतली. काय करणार? नाहीतर रिंगणाच्या कोपऱ्यात माझ्या जागी दुसरा कोणी उभा केला असता. त्याला कुठला डोळा वाईट तेही ठाऊक नसतं.

२४ मार्च
लढत आज. सकाळी स्टँडवर काशी आली. ध. पाणी प्यायला गेलाय बघून पदराखालून टॉवेल काढला. कोरा, पांढरा.
"लांबून दिसल असा घेतलाय."
म्हणालो, "काशी, मी आण घेतलीय गं."
"तुमी घेतली. मी नाय घेतली. टाकताना माजा हात समजा."
टॉवेल घेतला.
मोटार लागली. चढताना ध.चा हात दांडीच्या बाजूने गेला, दुसऱ्यांदा सापडली. घाम म्हणाला. या सकाळच्या गारव्यात कसला घाम?
सुटलो. ध. मुठी मांडीवर ठेवून समोर बघतोय. मी मुद्दाम त्याच्या उजवीकडे बसलोय. टॉवेल माझ्या मांडीवर आहे. त्याला दिसत नाही.