मोटेवरचं गाणं

बोरगाव, मार्गशीर्ष वद्य चतुर्थी

आज सोप्यात चौघे मित्र जमले होते. प्रत्येकाने आपलं आवडतं गाणं सांगायचं, आणि ते सुंदर का, हेही. मी वडिलांचं मोटेवरचं गाणं सांगितलं. ओळीच्या मध्येच ते थांबत. मोटेचं पाणी थारोळ्यात धबाधबा पडे आणि त्या आवाजावर ते पुढची ओळ उचलत. सगळं सौंदर्य त्या थांबण्यात, असं मी तावातावाने बोललो. तिथेच गप्प बसावं की नाही? पण मी वडिलांना हाक मारली.

"आप्पा, म्हणा की जरा."

"हितं? आता इंजनाफुडं म्हणू व्हय रं?"

सगळे हसले. मी हट्ट धरला. आप्पांनी डोळे मिटून सुरुवात केली आणि अर्ध्या ओळीवर थांबले, सवयीने. आम्ही वाट पाहत राहिलो.

"फुडचं न्हाय येत," ते म्हणाले. "पाणी पडलं की आपसूक यायचं."

विहिरीवर इंजिन बसवायला लावलं मीच. मोट म्हणजे गुलामी, असं गावापुढे भाषण ठोकलं होतं. बैलांच्या सोललेल्या माना खऱ्याच होत्या. तो शब्द आजही मागे घेणार नाही. पण आप्पा तेव्हा समोर बसून ऐकत होते. काय जाणार, हे त्यांना ठाऊक होतं का?

मित्र गेल्यावर हळूच विचारलं त्यांनी, "तुला पाठ असंल की रं? रोज विहिरीवर बसायचास."

तासतासभराची भाषणं मला पाठ आहेत. त्या गाण्यातलं फक्त थांबणं आठवतं.