टाकीत मासे नव्हते ना, आये?

आये,

माझे हात अजून ओले आहेत. तुझी सून सुजाता म्हणते, आधी पाणी पी, मग काय लिहायचं ते लिही. पण मला आत्ताच विचारायचंय. मला न सांगता टाकीत मासा सोडलास तू?

तू गेल्यापासून तुझ्या खोलीतल्या त्या काचेच्या टाकीकडे बघवत नव्हतं. आज ती उपसून ऑफिसातल्या मित्राला द्यायची असं ठरवलं. नळी लावून पाणी बादलीत काढत होतो. पाणी अर्ध्यावर आलं आणि शेवाळाच्या झुपक्यातून काहीतरी सुळकन गेलं. मी ओरडलोच! आपण नुसती झाडं लावलेली टाकी ती, आणि आत जिवंत मासा! राखाडी, बोटाच्या पेराएवढा. आणि त्याच्या मागे, लाकडाखाली, टाचणीएवढी पिल्लं! नुसते डोळे आणि शेपट्या. नळी हातातून सुटली, लादीभर पाणी झालं, तरी मी तसाच उभा.

टाकी तुझीच मागणी. जन्मभर मालाडच्या बाजारात मासळी विकलीस. गुडघे गेले तेव्हा तुला इथे मरोळला आणलं. तुझ्या खोलीच्या खिडकीसमोर शेजारच्या बिल्डिंगची भिंत, भरदुपारी ट्यूब लावायची. तू दिवसभर त्या भिंतीकडे बघत बसायचीस. मग दातांच्या डॉक्टरकडे फिशटँक पाहिलास आणि रिक्षात बसल्याबसल्या म्हणालीस, "हऱ्या, मना पन तशी पेटी पायजे. मेलेलं मासं लय बघितलं. आता जित्तं बघायचंय."

मी हसलो. तू नाही हसलीस.

दुकानदाराने विचारलं, खोलीत ऊन येतं का? नाही म्हटल्यावर त्याने कमी उजेडात तगणारी झाडं दिली. जावा फर्न, अनुबियास, आणि शेवाळाचा एक हिरवा गोळा. बारीक खडी तू परातीत तांदळासारखी धुतलीस, पाणी नितळ होईपर्यंत. मी सांगितलं, फर्नचं मूळ पुरायचं नाही, कुजतं. "मंग रोवू कुठं, हवेत?" मी लाकूड पुढे केलं. तू दोऱ्याने झाड त्यावर आवळलंस, जाळ्याची गाठ मारून. काय खूश होतीस! क्लोरीन मारायचे थेंब टाकून मी नळाचं पाणी भरलं, तर बोट बुडवून चाखलंस. "खारट नाय? मासं जगतील कशे?"

दिवा मुद्दाम छोटा लावला, टायमरवर, कारण उजेड जास्त झाला की काचेवर हिरवा थर धरतो. आणि तुला बजावलं, मासे इतक्यात नाहीत, आधी पाणी मुरू दे.

"पान्याला मुरायला लोणचं हाय का रे?"

आये, ते सकाळचं मला अजून कळत नाही. तू टाकीसमोर स्टुलावर बसली होतीस, पाठ भिंतीला. मी दाढी करत होतो आणि आतूनच बोलत होतो. फिल्टरचा आवाज वाढलाय, संध्याकाळी बघतो. रविवारी मासे आणू. लाल आणू का निळे? बोल ना गं! मला वाटलं, रुसलीस. तोंड पुसत बाहेर आलो. तुझी मान काचेकडे कलली होती. खालच्या मजल्यावरचे डॉक्टर धावत आले, मनगट धरलं आणि म्हणाले, हृदय बंद पडलंय. असं कसं? आदल्या संध्याकाळी तू माझ्याशी बोंबलावरून भांडली होतीस! मी लाल का निळे विचारत होतो तेव्हा तू होतीस का? निदान अर्धं तरी ऐकलंस का?

आज सुजाताला हाक मारली. तिने काचेला नाक लावून आत बघितलं. "जगली ती?" म्हणाली.

मग सगळं बाहेर आलं. तू जायच्या आदल्या आठवड्यात तुम्ही दोघी मालाडला गेला होतात, तुझ्या जुन्या जागेवर, मावशीला भेटायला. येताना एका दुकानात साध्या गप्पी माशांची पिशवी टांगलेली दिसली. मोठ्या माशांना खाऊ घालायला विकतात त्यांना. तू म्हणे तिथून हलेचनास. पिशवीत बघून त्यातली एक मासोळी बोटाने दाखवलीस. "ही द्या. गाभोळीची हाय, पोट बघा तिचं." आणि सुजाताला दम दिलास, "हऱ्याला बोलू नको, तो पान्याचं लेक्चर देईल."

सुजाताला नंतर ती कधी दिसलीच नाही. मेली असेल वाटलं तिला. त्या दिवसांत मला आणखी एक मेल्याचं सांगायला तिची जीभ रेटली नाही.

मी दुकानदाराला फोन केला. तोही चकित! म्हणाला, झाडांमुळे वाचली, आणि शेवाळातलं बारीकसारीक खाऊन जगली असेल. गप्पी अंडी घालत नाही, थेट पिल्लं देते. हे तुला माहीत होतं का गं? आणि भूक लागली की आपलीच पिल्लं खाते, म्हणाला. शेवाळ दाट असेल तर ती लपतात.

बादलीतलं पाणी हळूहळू परत ओतलंय. मित्राला नाही म्हणून कळवलं. मला सांगायला काय झालं होतं तुला? मी रागावलो असतो, पण तुझ्या शेजारी बसून बघितली तरी असती.

आता ऐक. शेवाळ मी कापणार नाही, वाढेल तेवढं वाढू देईन. पिल्लं मोठी झाली की कुणाच्या तोंडी जायला दुकानात देणार नाही. रविवारी मावशीला घेऊन येतो, तू काय करून ठेवलंस ते दाखवायला. आणि आणखी एक. सुजाता म्हणत होती, त्या मोठीला आईंचं नाव ठेवू या. मी नाही म्हटलं. ती मासोळी आहे, आये. तुझं नाव मी कुणाला देणार नाही.

तुझाच,
हऱ्या