बिलकुल गरीब मासा

मंगळवार, संध्याकाळ

फ्लॉवरहॉर्न माशानं आज परत अंगठा फोडला. मी नुसती टाकीची काच आतून पुसून राह्यलो होतो. चूक माझीच. मासा घेताना बैलबाजारात विचारावं तसं विचारलं, मारका तर न्हाई ना? दुकानदार म्हणाला, "सर, बिलकुल गरीब." या गरिबानं सोबतीला सोडलेले दोन्ही मासे आठवड्यात मारले.

जेवताना भाजीचं तिखट अंगठ्याला झोंबलं आणि मी बायकोवरच चिडलो. ती उठली, हात धुऊन टाकीत घातला. मासा तिच्या तळव्याला डोकं घासत राह्यला. मंग मलाच का चावतो?

ती म्हणाली, "गरीबच हाय तो. तुम्ही शाळेत पोरांचे कान धरता ना, तसा हात घालता."