फॅक्टोरियलच्या शेजारचे वर्ग

३ मार्च, सोमवार
गाइड सरांचा पुण्याहून फोन. चौथं प्रकरण कोसळलं. माझा दावा एवढाच होता: १ ते n चा गुणाकार, म्हणजे n!, करा, एक मिळवा; कुठलीही एक मूळसंख्या p घेतली, तर तिच्या वर्गाने, p² ने, त्याला भाग जातो असे n फार नसतात. ४!+१ = २५ म्हणजे ५², ५!+१ = १२१ म्हणजे ११², असे मोजके सापडतात. n आणि n+३ दोन्ही त्याच p² ला जमले, तर (n+१)(n+२)(n+३) ची बाकी १ उरते, म्हणजे तिसऱ्या घाताचं समीकरण; त्याची उत्तरं मोजायची. सर म्हणाले, "वैशाली, p² ने भागून बाकी बघता, तेव्हा तिसऱ्या घाताच्या समीकरणाला तीनपेक्षा जास्त उत्तरं निघू शकतात. तुम्ही तीनच धरलीत." खरंय. कसं दिसलं नाही मला! "प्रकरण गाळा. बाकीच्यावर पीएच.डी. होईल."
महिनाअखेर प्रबंध द्यायचाय.

५ मार्च
मिलिंद सुप्याच्या कंपनीतून आला तो थकूनच. म्हणाला, "गाळ ना मग. पदवीशी मतलब." मी ताट सरकवलं. सासरे, दादा, तिकडून म्हणाले, "गाळायला काय च्या हाय का तो?" हसू आलं. पण राग गेला नाही.

११ मार्च
कॉलेजात परीक्षेची सुपरव्हिजन. प्रत्येक बाकावर एकच मुलगी. बघत उभी होते आणि एकदम...
n तर p पेक्षा लहानच! नाहीतर n! मध्येच p आला असता, मग +१ ला भाग जाणार कसा? म्हणजे माझे सगळे n हे p ने भागल्यावरही वेगवेगळेच राहतात, या मुलींसारखे. p च्या हिशेबात तिसऱ्या घाताला तीनच उत्तरं. जास्तीची उत्तरं p च्या पलीकडची, माझ्या वाटेला येतच नाहीत!!
"मॅडम, पुरवणी." दोनदा मागितली म्हणे एकीने.

१२ मार्च
पुन्हा तपासलं. उभं आहे. वर बोनस: n ला जमलं तर n+२ ला त्याच p² ने जमणारच नाही. जमलं तर (n+१)(n+२) ला p² ने भागून बाकी १ उरायला हवी. पण तो गुणाकार p² हून लहान, एकाहून मोठा. उरेल कशी? दोन ओळी!

२१ मार्च, पुणे
फळ्यावर मांडलं. सरांनी एकेक ओळ बोट ठेवून तपासली. मग खडू माझ्या हातातून घेतला, शेवटच्या ओळीखाली रेघ मारली. "मीच अडखळलो. प्रकरण गाळायचं नाही, सगळ्यात पुढे घ्या."
एसटीत नगरपर्यंत उभी. पाय दुखलेच नाहीत.

२२ मार्च
मिलिंदने सकाळीच पेढे आणले. पहिला मला भरवला. दादांना सगळं समजावलं, २५ आणि १२१ करून दाखवले.
"मग असले आकडे कुठंतरी संपत्यात का न्हाई?"
"माहीत नाही, दादा."
"तुज्या सरांला?"
"कुणालाच नाही."
"आरं तिच्या!" म्हणाले, आणि खुर्ची माझ्याकडे ओढली. "दाव बरं, पुढचा कुठला?"